राजा म्हणाला, मला धर

आमचे हे बाहुल्यांचे खेळ करतात. हातात घालायच्या बाहुल्या, समोर काळा पडदा आणि मागे आम्ही दोघं हात वर करून उभे. राजा यांच्या हातात, म्हातारी माझ्या. एकतीस वर्षं झाली. शाळा, वाचनालयं, कुणाच्या पोराचा वाढदिवस, बोलावतील तिथं जायचं.

घरात यांच्याइतका गरीब माणूस शोधून सापडणार नाही. भाजी खारट झाली तरी मुकाट्यानं खातील. पण पडद्यामागे गेले की जमदग्नी. नियम एकच, स्वतःच्या आवाजात एक अक्षर बोलायचं नाही. मुलांच्या कानाला जरा शंका आली की बाहुली मेलीच म्हणायची. एकदा माझा पाय मुरगळला आणि तोंडातून "आई गं" निघालं, तर स्वारी दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. मीही म्हातारीच्या तोंडून उट्टं काढायची. एरवी अहो-जाहो, पण तिथं सरळ "मेल्या" म्हणता येतं.

गेल्या महिन्यात वाचनालयाच्या हॉलमध्ये दुपारचा खेळ होता. मुलं, आईबाप, आजीआजोबा, पाय ठेवायला जागा नव्हती. म्हातारी राजाला झाडूनं बदडते तो प्रसंग चालू होता. तेवढ्यात राजा म्हणाला, "मला धर."

हे वाक्य आमच्या खेळात नाही. आवाज राजाचाच, फक्त जरा बोबडा. मला वाटलं, आज यांना रंग चढलाय. आम्ही दोघंही वर बाहुल्यांकडेच बघतो, एकमेकांकडे नाही. मी ठेक्यात म्हणाले, "तुला कशाला धरू मेल्या, तू काय मांजर आहेस?"

हॉल खदखदून हसला. राजा म्हातारीच्या खांद्यावर कलला. "धर गं," परत म्हणाला. मी त्याच्या डोक्यात आणखी दोन झाडू घातले. मुलं हसून लोळत होती. राजा हळूहळू पडद्याच्या काठाखाली गेला तर मी वर म्हणते कशी, "पळाला बघा भित्रा."

मग माझ्या पायावर काहीतरी जड पडलं. खाली बघितलं तर हे. तोंड एका बाजूला वाकडं झालेलं आणि डोळे माझ्याकडे लागलेले.

मी जीव खाऊन ओरडले, "धावा, कुणीतरी धावा." आणि ओरडले ती म्हातारीच्या आवाजात. त्याच चिरक्या, नाकातल्या आवाजात. गळ्यातून दुसरा आवाज निघेचना. बाहेर टाळ्या पडल्या. कुणी पोरगी म्हणाली, "जाऊ नका, आजी खोटं बोलतेय." मी परत ओरडले, परत तोच आवाज. डोळ्यांतून पाणी वाहतंय आणि लोक हसताहेत. शेवटी पडदा ओढून काढला आणि हातातल्या म्हातारीसकट बाहेर आले. खेळ संपायच्या आत आम्ही कधीच बाहेर येत नाही. हॉल चिडीचूप झाला. पहिल्या रांगेतली एक आई माझं तोंड बघून उठली आणि तिनं फोन लावला.

डॉक्टर म्हणाले, वेळेत आणलंत, म्हणून वाचले. उजवा हात मात्र उचलत नाही.

चौथ्या दिवशी यांचं बोलणं जरा कळायला लागलं. माझ्या डोक्यात एकच घोळत होतं, ते मी विचारून टाकलं. "एवढं होत होतं तर आपल्या आवाजात हाक मारायचीत. मी लगेच बघितलं असतं."

हे म्हणाले, "मुलं होती ना समोर."

मरण समोर उभं आणि या माणसानं राजाचा आवाज सोडला नाही. मला असा संताप आला की तिथंच खडसावणार होते, पण नर्स होती. शेवटी दात-ओठ खात म्हणाले, "आणि मी मदतीला ओरडले, तीही म्हातारीच्याच आवाजात. कुणी आलं नाही. तुम्ही गेला असतात."

मला वाटलं, आता तरी यांना हादरा बसेल. हे अर्ध्या तोंडानं म्हणाले, "बरोबर केलंस."

खोटं कशाला सांगू, ते ऐकून मला क्षणभर बरं वाटलं. त्या धक्क्यातून मी अजून सावरलेली नाही.