माझ्या भावाचं कठीण मन

आमच्या पांढुर्ण्याच्या ख्रिस्ती मंडळीत दर बुधवारी संध्याकाळी कुणा ना कुणाच्या घरी प्रार्थनेची बैठक असते. आधी गाणी, मग वचन, मग प्रार्थनेचे विषय. कुणाचा गुडघा दुखतो, कुणाच्या पोराला नोकरी नाही, कुणाची बोअर आटली. गुडघे बरे झाले, पोरं नोकरीला लागली, नव्या बोअरला पाणीही लागलं. माझा विषय मात्र सतरा वर्षं एकच होता. "माझ्या भावाचं मन कठीण झालं आहे. प्रभूनं ते नरम करावं." हे सांगताना माझा आवाज आपोआप खाली जायचा आणि शेवटच्या शब्दावर जरा कापायचा. नेमका कुठे कापतो हे मला पाठ होतं.

मी सरकारी प्राथमिक शाळेत शिक्षिका. गुण देण्याची सवय हाडीमासी खिळलेली. बाप्तिस्मा घेतल्यावर आपली आत्मिक वाढ कुठवर आली हे कळावं म्हणून मी एक वही केली. प्रीती, आनंद, शांती, सहनशीलता असे रकाने आखले आणि दर शनिवारी स्वतःला दहापैकी गुण द्यायला लागले. तिसरीच्या वर्गामुळे सहनशीलता कधीकधी पाचावर यायची, पण सौम्यतेत मी आठाच्या खाली गेल्याचं आठवत नाही. पुढे नम्रतेचा एक रकाना मी आपल्या मनानं वाढवला, त्यात नऊ दिले, आणि त्या आकड्याकडे बराच वेळ कौतुकानं बघत बसले.

आता भावाचं सांगते. आम्ही दोघंच भावंडं. तो थोरला, रामाकोन्याला शेती करतो, संत्रा आणि कापूस. आई-बाबा गेल्यावर माहेर म्हणून मला तेवढं एकच दार उरलं होतं. नवऱ्याच्या पाठोपाठ मी बाप्तिस्मा घेतला तेव्हा तो रागावला नाही. "तुले बरं वाटते ना? मंग झालं," एवढंच म्हणाला. बाप्तिस्मा उन्हाळ्यात झाला. दिवाळी येईपर्यंत मला जगातलं सगळं कळायला लागलं होतं.

भाऊबीजेला तो दरवर्षीसारखा सौंसरला बस बदलून आला. हातात संत्र्यांची थैली. आल्या आल्या त्यानं स्वतःच कोपऱ्यातला पाट ओढला, नवी टोपी घातली आणि पूर्वेकडे तोंड करून बसला. ताट नव्हतं, दिवा नव्हता. मी त्याच्यासमोर हात बांधून उभी राहिले आणि ओवाळणं मला आता का चालणार नाही यावर बोलायला लागले. पाऊण तास बोलले. माझ्या वर्गातली पोरं इतका वेळ कुणाचंच ऐकत नाहीत. त्यानं ऐकलं. मग टोपी काढली, तिची घडी घालून खिशात ठेवली, "येतो" म्हणाला आणि गेला. संत्री राहिली. आठवडाभर आम्ही ती खाल्ली, गोड होती.

असं कर म्हणून मला कुणी सांगितलं नव्हतं. आमच्या पाळकांची बायको स्वतः आपल्या भावाला ओवाळते, हे मला दोन वर्षांनी कळलं. तोवर मी माझी साक्ष तीन वेळा देऊन मोकळी झाले होते. विश्वासासाठी मी सख्खा भाऊ कसा गमावला, अशी ती साक्ष होती आणि ऐकणाऱ्या बायका डोळे पुसायच्या.

तेव्हापासून त्यानं माझा उंबरा ओलांडला नाही. नात्यातल्या लग्नांत भेटायचा. "बरी हायेस?" "बरी हाओ." संपलं. लोकांसमोर मी हे सोसल्याचा चेहरा करायचे, पण भाऊबीजेच्या दिवशी शेजारणींचे भाऊ गाड्यांवरून येताना दिसले की मी खिडकी लावून घ्यायचे. खरं सांगायचं तर मला तो हवा होता. फक्त आधी त्यानं नरम व्हावं, अशी माझी अट होती.

तर अशाच एका बुधवारी मी माझा विषय सांगितला. प्रार्थना करायची पाळी सावरगावच्या मावशींवर आली. या मावशींनी अर्ध्या तालुक्याची बाळंतपणं केलेली, अक्षरओळख नाही, आणि देवाशी त्या शेजारच्या गल्लीतल्या माणसाशी बोलावं तशा बोलतात. त्यांनी डोळे मिटले.

"बापा, हिच्या भावासाठी आमी सतरा वर्षांपासून तुले सांगून राहिलो. त्याचं मन नरम कर, नरम कर. तो बिचारा आतापावतर मेणाचा झाला असंल. आता जरा हिच्याकडं पाह्य. आमेन."

कुणीतरी खोकलं. माझ्या नवऱ्यानं "आमेन" जरा जास्तच मोठ्यानं म्हटलं.

घरी येताना मी त्याला विचारलं, "मावशींचं वय झालं, नाही?" तो म्हणाला, "वय झालं, पण बोलल्या बरोबर." पुढे तीन बुधवार माझं डोकं दुखत होतं. त्या काळात मी वहीत मावशींना गुण दिले. प्रीतीत दोन.

चौथ्या बुधवारी डोकेदुखीचं कारण मलाच सांगवेना. खरं म्हणजे मावशींचं वाक्य डोक्यातून जात नव्हतं. फळ्यावर बेरीज लिहितानाही ते आठवायचं. शेवटी एका रविवारी उपासनेनंतर मी रामाकोन्याची वाट धरली. भावाची माफी मागायची, ठरलं. बसमध्ये वाक्यं घोकली. सौंसरच्या स्टँडवर गाडी बदलताना तर मला स्वतःलाच इतकं भरून आलं की पाण्याची बाटली विकणाऱ्यानं "काय झालं, मॅडम?" म्हणून विचारलं.

भाऊ बागेत होता. संत्र्यांचा ढीग समोर, मोठी एकीकडे आणि बारकी एकीकडे निवडणं चाललेलं. मी जवळ जाऊन उभी राहिले, घसा साफ केला, आणि सतरा वर्षांची सवय तोंडातून बाहेर पडली.

"दादा, मी तुले मनापासून माफ केलं."

त्याचा हात थांबला. "कायचं माफ केलं, बाई?"

मी ढिगातलं एक संत्रं उचलून परत ठेवलं. तो पुन्हा संत्री निवडायला लागला. "बरं केलं. चा घेशील?"

मी चहा घेतला आणि परत आले. बुधवारी मावशींना म्हटलं, "जाऊन आले. काही उपयोग नाही, मन अजून तसंच आहे." मावशींनी मला काय बोललीस ते शब्दन् शब्द विचारलं. मग पदर तोंडाला लावून त्या इतक्या हसल्या की गाणं सुरू करायला उशीर झाला. शेवटी डोळे पुसत म्हणाल्या, "पहिल्या कळेतच लेकरू होत नाही, मास्तरीणबाई. पुन्हा जाय."

पंधरा दिवसांनी पुन्हा गेले. या वेळी माफी मागितली, हे मी छातीवर हात ठेवून सांगते. "माझं चुकलं, दादा," असं स्वच्छ म्हटलं. तिथे थांबायला हवं होतं. पण वाक्याला शेपूट लावल्याशिवाय मला चैन पडत नाही. "पण तू बी असं उठून जायला नको होतं. माझं पूरं ऐकून तरी घ्यायचं." त्यानं आभाळाकडे बघितलं. "तुझी बस निघून जाईल," म्हणाला. बसला अजून दीड तास होता. तो मी रस्त्याकडेला उभी राहून काढला आणि सगळा वेळ त्याच्यावर चिडले.

त्या शनिवारी वही उघडली आणि सौम्यतेचा रकाना बघून मला पहिल्यांदा लाज वाटली. ती नेहमीची नव्हती, बैठकीत सांगता येते तशी. ही सांगता येईना. इतकी वर्षं मी मोठी होत चालले आहे अशा समजुतीत होते आणि एक साधं वाक्य 'पण' न लावता मला बोलता येत नव्हतं. मी वही बंद केली आणि शाळेच्या रद्दीत टाकली. नंतर टाकल्याचं दोघीतिघींना सांगितलंही, तेवढा मोह राहिलाच.

माघ सरता सरता तिसऱ्यांदा गेले. भाऊ बागेत उकिडवा बसून ठिबकच्या नळ्या साफ करत होता. एकेक तुकडा तोंडाला लावून फुंकायचा, कचरा निघाला की बाजूला ठेवायचा. मी शेजारी बसले आणि एक नळी उचलून फुंकली. माती तोंडात गेली. तो हसला नाही, पण त्यानं पाण्याचा तांब्या माझ्याकडे सरकवला.

पाच-सहा नळ्या फुंकून झाल्यावर म्हटलं, "दादा, तू माझ्या घरी पाटावर बसला होता आन् मी तुले तसंच उठवलं. माझं चुकलं." पुढचे शब्द जिभेवर आले होते. मी नळी तोंडाला लावली.

तो बोलला तेव्हा माझ्याकडे बघत नव्हता.

"ओवाळलं नाही, त्याचं मले काही नाही. तुझा देव येगळा झाला, ठीक हाय, मी समजलो असतो. पण त्या दिवशी मी सकाळपासून उपाशी होतो, बाई. बहिणीकडंच जेवायचं म्हणून घरून चा बी पेलो नव्हतो. सौंसरच्या स्टँडवर तुझ्या वहिनीनं बांधून देल्ली भाकर बी नाही खाल्ली. तू बोलत होती, आन् मी तिकडं सयपाकघराकडं पाहून राहिलो होतो."

सतरा वर्षांत तो दिवस मी हजार वेळा आठवला असेन. माझा एकेक मुद्दा मला आठवत होता, त्याची टोपी आठवत होती, माझा आवाज कुठे चढला तेही. तो जेवला नव्हता, हे एकदाही माझ्या मनात आलं नव्हतं. चुलीवर वरण होतं त्या दिवशी, भात झाला होता. तो गेल्यावर आम्ही नवराबायको जेवलो होतो.

मी रडले. तिथे, मातीत बसून, नाक गळेपर्यंत. त्यानं रडू दिलं. मधेच माझ्या मनात आलं की याची साक्ष फार चांगली होईल, आणि त्या विचाराची लाज वाटून आणखी रडले.

"रविवारी येशील का जेवायला?" मी विचारलं.

त्यानं दोन नळ्या फुंकल्या. "पाहतो," म्हणाला.

रविवारी मी उपासनेला गेले नाही. सकाळपासून चुलीजवळ होते. वरण, भात, भरली वांगी, ज्वारीच्या भाकरी, आणि त्याला आवडते तशी घट्ट खीर. बारा वाजले, एक वाजला. नवरा दोनदा कोपऱ्यापर्यंत जाऊन आला. दीडला फाटक वाजलं.

भाऊ आत आला, हातपाय धुतले, बसला. मी ताट पुढे ठेवलं आणि बाजूला उभी राहिले. प्रार्थना मोठ्यानं म्हणायची की मनात, हेसुद्धा मला ठरवता येईना. एरवी मला शब्दांची कधी अडचण पडत नाही.

तो ताटाकडे बघत राहिला. हात लावला नाही. भाकरी निवत चालली. आता हा उठेल, असं मला वाटलं, आणि उठला तर अडवायचा हक्क मला नाही हेही वाटलं.

त्यानं मान वर केली.

"तुझं ताट कुठं हाय?"