किसाक्येच्या वाटचे नाकतोडे

मसाका शहराजवळच्या टेकडीवर नामुबिरूचं घेवड्याचं शेत आहे. विद्यापीठाच्या लोकांनी तिथे जाळीचा तंबू उभारला. त्यात शिरलेला किडा वर चढतो आणि स्पिरिटच्या बाटलीत पडतो. बाटली बदलायचं काम नामुबिरूकडे. बाटलीतल्या किड्यांच्या लगद्यातला डीएनए वाचून शेतात कोणकोण येऊन गेलं ते कळतं म्हणे.

खोडमाशी आली काय, लष्करी अळीचा पतंग आला काय, नामुबिरूला सोयरसुतक नव्हतं. तिला हवा होता फक्त न्सेनेने, खायचा हिरवा नाकतोडा. पूर्वी पावसाअखेर त्यांचे थवे उतरत. ती आणि तिची लेक किसाक्ये पंख खुडत, जगाची उणीदुणी काढत बसायच्या. पुढे थवे शहराच्या दिव्यांकडे वळले, आणि लेकही कंपालाला शिवणकामाला गेली. "ते परत आले की मीही येते, आई," असं जाताना हसत म्हणाली. लेकीची थट्टा या बाईने गाठीला बांधली. आईची जातच वेडी, दुसरं काय!

एक दिवस विद्यापीठातल्या लुकवागोचा फोन आला. "मावशी, तुमच्या बाटलीत न्सेनेनेचा डीएनए निघाला की!"

तिने लगेच लेकीला कळवलं. "आले गं ते!"

"खरंच? मग शनिवारी येतेच."

नामुबिरूने घर झाडलं, केळीचा घड उतरवला. शुक्रवारी लुकवागो पडेल चेहऱ्याने दारात उभा.

"एकाच बाटलीत सापडलाय, मावशी. आणि आत त्याचा साधा पायही नाही. हातमोजे घातले होते ना?"

"मोज्यांनी झाकण फिरतंय होय!"

"मग हाताला काही लागलं होतं का?"

 आत जाऊन तिने पत्र्याचा डबा आणला. शेवटच्या हंगामातले, उन्हात वाळवलेले, किसाक्येच्या वाटचे नाकतोडे. रोज सकाळी ती डब्यात हात फिरवायची, वास घ्यायची आणि तशीच शेतात जायची.

"म्हणजे आलेच नव्हते?"

"नाही, मावशी. या डब्यातल्यांचेच कण तुमच्या हातून बाटलीत गेले."

लेकीला खोटं सांगणं तिच्याने झालं नाही. फोनवर सगळं ऐकून किसाक्येने एवढंच विचारलं,

"माझा वाटा अजून ठेवलायस?"

"मग काय, कोंबड्यांना घालू?"

"वेडी आहेस, आई. पण मग उद्या नको. कामं तुंबलीत गं. बघते पुढे कधी."

"बघ हो," नामुबिरू म्हणाली.

दुसऱ्या दिवशी तिने साबणाने हात धुतले. आधी शेतात जाऊन बाटली बदलली, आणि मग घरी येऊन डबा उघडला.