उजवी पाकळी

डॉक्टरला हिवाळा आवडतो असे म्हटले की लोक डोळे मिचकावतात. खोकणारे वाढतात म्हणून आवडत असेल, असा त्यांचा समज. खुशाल समजोत. मला रत्नागिरीचा हिवाळा आवडतो तो पहाटेच्या विहिरीसाठी. अंग आखडलेले असते आणि पोहऱ्यातून आलेले पाणी कोमट लागते. आंघोळ झाली की गरम भात आणि कुळथाची पिठी. दवाखान्याचे दार उघडावे, तर समोरच्या कलमाच्या मोहोराचा वास थेट माझ्या कार्बोलिकच्या वासावर चाल करून येतो. याहून जास्त सुख मागणारा माणूस लोभी.

रोग्यांच्या अकलेबद्दल मात्र माझे मत चांगले नाही. कानटोपी, तिच्यावर मफलर आणि घराच्या सगळ्या खिडक्या बंद. आत चूल धुमसते, सहा माणसे एकाच हवेत श्वास घेतात आणि सकाळी मला विचारतात, "डॉक्टर, थंडी बाधली का हो?" मी सांगतो, "थंडी नाही, तुमची खिडकी बाधली." एका आजींनी मला खालपासून वरपर्यंत न्याहाळले आणि म्हणाल्या, "तुमच्याकडे उघड्याच असतात ना? तरीच असे वाळलात."

पण हिवाळ्यातले माझे खरे काम देवी टोचण्याचे. लस काचेच्या बारीक नळ्यांतून येते आणि उन्हाळ्यात नासते, म्हणून थंडीतच गावोगाव फिरायचे. तीन हिवाळ्यांपूर्वी खाडीपलीकडच्या गावात देवीची साथ शिरली. अलीकडच्या वाडीत टोचलेले मूल एकही नव्हते. माझ्याजवळ नळ्या होत्या. ओल्या फडक्यात ठेवल्या तरी फार दिवस टिकणाऱ्या नव्हत्या. आणि माझ्याजवळ पत्रक होते.

आठ पानांचे ते पत्रक मीच लिहिले होते. माणसे अडाणी राहतात ती नीट छापलेला मजकूर हाती न पडल्यामुळे, असे मला तेव्हा वाटे. मथळा जाड टायपात: "देवी हा रोग आहे". आत नवस, अंगारे, कौल यांच्यावर एकेक घाव. प्रती आधीच वाडीत पोचत्या केल्या, म्हणजे मी जाईपर्यंत लोकांची मने तयार होतील.

मने तयार झालीच होती. मुंबईहून सुट्टीवर आलेल्या एका गिरणीकामगाराने तो मथळा देवळासमोर मोठ्याने वाचून दाखवला होता. त्या वाडीत देवी म्हणजे देवळातली ग्रामदेवता. तिला एक शहरी डॉक्टर रोग म्हणतो, तेही छापून. मी पोचलो तेव्हा एकाही अंगणात मूल दिसेना. आया मुलांना घेऊन वरच्या कातळावर जाऊन बसल्या होत्या.

वाडीचा कर्ता गावकर ओटीवर सुपारी कातरत होता. म्हणाला, "कागद तुमीच लिवलात?"

"मीच."

"मग टोचायचं का नाय, त्ये आता देवीलाच इचारू. कौल लावल्याबिगर पोरं खाली यायची नायत."

"दगडाला विचारून मुले वाचत नाहीत," मी म्हणालो.

"तुमाला इचारून तरी कोन खाली आलंय?"

ओटीवरचे बाकीचे हसले. मला हसू येईना. तिथून खाडीपलीकडची घरे दिसत होती. होडी त्या गावच्या माणसांना दिवसातून कितीदा तरी अलीकडे आणते. महिन्याभरात या अंगणांत काय होणार, तेही मला दिसत होते. मी देवळाच्या पायरीशी चपला काढल्या आणि ओल्या फडक्यातल्या नळ्या तिथेच ठेवल्या.

गुरव म्हातारा, पण आवाज खणखणीत. काळ्या पाषाणाच्या मूर्तीच्या दोन्ही खांद्यांवर त्याने शेवंतीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवली. उजवी आधी पडली तर होकार, डावी पडली तर नकार. मग गाऱ्हाणे सुरू झाले. "हे आई, ह्यो रत्नागिरीचा डागदर आमच्या पोरांच्या दंडावर तुझी खूण टोचाया आलाय..."

"व्हय म्हाराजा," सगळे म्हणाले.

"खूण नाही, लस," मी म्हणालो.

"गप ऱ्हावा," गावकर पुटपुटला. "मधी बोललं की पयल्यापासून लावाया लागतो."

गप राहिलो. करण्यासारखे दुसरे काही नव्हते, म्हणून जे पाहिले होते ते मनात पुन्हा पाहू लागलो. डॉक्टरला माणसाचे हात पाहायची खोड असते. डावी पाकळी गुरवाने तांब्यात बुडवून अंगठ्याने दाबून बसवली होती. उजवी नुसती बोटाच्या ओलीवर.

पत्रकाच्या सहाव्या पानावर मी ठणकावून लिहिले होते की कौल ही गुरवाच्या पाण्याची करामत आहे. लिहिताना मी कौल कधी पाहिलेला नव्हता. आता पुरावा चार हातांवर होता. बोललो असतो तर सहावे पान खरे ठरले असते आणि मुले कातळावरच राहिली असती. तोंड मिटून मी त्या पाकळीकडे बघत राहिलो. मनातल्या मनात "पड, पड" म्हणत होतो, हेही सांगून टाकतो.

पडली. उजवीच.

गुरवाने आपल्या नातीला पुढे केले. "पयली हिला टोचा." मग कातळावरून एकेक आई उतरू लागली. उन्हे कलेपर्यंत माझ्याजवळची एकही नळी उरली नाही.

निघताना विहिरीवर हात धुताना मी गुरवाला हळूच म्हणालो, "आजोबा, उजवीला पाणी कमी लागले होते."

"थंडी हाय, डागदर. वल लवकर सुकत नाय," तो शांतपणे म्हणाला. "देवीला इचार कराया येळ लागला असता. आनि तुमच्या त्या नळ्या उनात ऱ्हाईल्या व्हत्या."

साथ पुढे खाडी ओलांडून आली, पण त्या वाडीत तिला एकही मूल मिळाले नाही. पत्रकाची दुसरी आवृत्ती काढायला घेतली तेव्हा मथळा बदलून "लस टोचून घ्या" असा केला. सहाव्या पानावर मात्र मी ठाम होतो. खोटे ते खोटे, ते मी आजही म्हणतो. पुढच्या हिवाळ्यात नवी बाळे टोचायला गेलो, तेव्हा ते पान गुरवालाच वाचून दाखवले.

त्याने मान हलवत सगळे ऐकून घेतले. "बरं लिवलंय. पान्याचं तर अगदी खरं हाय. पर पुढल्या साली पोरं कातळावरनं खाली कशी आनायची, त्ये बी लिवा की."

यंदाच्या नळ्या परवा आल्या. सहावे पान अजून छापायला न जाता माझ्या टेबलावरच आहे.