ब्राँझपदक घेऊन आलापल्लीकडे

एलजीबीटी खेळाडूंचा आंतरराष्ट्रीय क्रीडामेळा असतो, हे आमच्या गावात कुणाला ठाऊक असायचं कारणच नाही. मलाही माझ्या मीरानंच सांगितलं. यंदा तिथं पाच किलोमीटर धावले आणि चक्क ब्राँझ आणलं! लगेच भावाचा फोन, "प्रज्ञा, बाबानं गावच्या बुद्धविहारात तुहा सत्कार ठेवला. ये." परदेशी जाण्याआधी बाबांना फोनवर सगळं सांगितलं होतं, खेळ कसले, मीरा माझी कोण. ते नुसतं "बरं" म्हणाले होते. त्या "बरं"नं माझी झोप उडवली होती. मीराला आपली मानतील की नाही? म्हटलं, जायचं तर दोघींनीच.

नागपूरहून सकाळची चंद्रपूर एसटी पकडा. बायकांना अर्धं तिकीट, खिसा खूश. चंद्रपूरला स्टँडबाहेर तर्रीपोहे खा. मीरा पुण्याची, पहिल्याच घासाला डोळ्यांत पाणी, तरी दुसरी प्लेट मागवलीच! पुढे बल्लारपूर, गोंडपिपरी, आष्टी. आष्टीनंतर ट्रकांनी रस्त्याची पार चाळण केलीय, मागच्या सीटवर बसूच नका.

शेजारच्या बाईंनी विचारलं, "कुठी चाल्ली वं?"

"माहेरी."

"अन् ह्या?"

माझ्या आधीच मीरा म्हणाली, "सासरी!"

बाई खो खो हसल्या. मी इकडेतिकडे बघितलं, आणखी कुणी ऐकलं का.

आलापल्लीजवळ सागाची सरळसोट झाडं सुरू झाली आणि मीरा खिडकीला चिकटली. आमचं गाव तिथून जवळच. आईनं भात, अंबाडीची भाजी, सुकटीची चटणी वाढली. बाबांनी मीराला "प्रवास बरा झाला ना?" एवढंच विचारलं आणि धानाची मळणी बघायला निघून गेले.

दुसऱ्या दिवशी सकाळी विहारात बुद्धवंदना झाली आणि बाबांनी माईक घेतला. "कोणते खेळ होते, सांग लोकायले."

बाप रे! पण सांगितलं. "ज्या बायायले बायाच आवडतात, माणसायले माणसं, असे लोक जगभरातून तिथी खेळाले येतात. मी त्यायच्यातलीच." सत्तरीतल्या दोघा आजोबांनी हात धरून शर्यत संपवली, तेही सांगितलं.

बाबांनी मला शाल पांघरली. मग पिशवीतून दुसरी काढली.

"मीराबाई, समोर या. आपल्या इथी सत्कार जोडीनंच होते."

पहिली टाळी आईची. काहींनी वाजवली, काही चपला घालून चालते झाले. जाऊ दे! मी तर भोकाड पसरलं होतं.

दुपारी काळी-पिवळी जीपनं भामरागडला गेलो. वाटेत हेमलकसा लागतं. भामरागडचा तीन नद्यांचा संगम संध्याकाळच्या आत बघा, परतीची गाडी लवकर सुटते.

आता नागपूरला परत आलोय. कंबर अजून दुखतेय, पण मन कसं शांत आहे. बाबांच्या व्हॉट्सअॅप डीपीवर इतकी वर्षं त्यांच्या ट्रॅक्टरचा फोटो होता. काल बघितलं तर तिथं आम्ही दोघी, शाली पांघरून.