दशरथचे हात

हे मी आजवर बायकोलासुद्धा सांगितलेलं नाही. आज गावी, राजुरीच्या घराच्या अंगणात डिझेलचा वास आला आणि राहवलं नाही. माझा धाकटा भाऊ दशरथ माझ्या गाडीची अलॉय चाकं डिझेलात बुडवलेल्या जुन्या टूथब्रशनं घासत बसला होता.

बारा वर्षांपूर्वी बोरीचे पाहुणे त्याला बघायला येणार होते, त्या सकाळीही तो असाच बसला होता. "दादा, पावणं गाडी बघत्यात. लई चमकली पायजे," म्हणाला. ब्रेकची काळी भुकटी डिझेलात मिसळून त्याच्या नखांत, हाताच्या रेघांत जाऊन बसली. पोह्यांची बशी घेताना मुलीच्या मामांची नजर त्या हातांवर गेली. बाहेर आल्यावर त्यांनी मला हळूच विचारलं, "पोराचे हात असे कशानं वो?"

"लोकांच्या गाड्या धुतो. शेतात मन न्हाई त्याचं," मी म्हणालो.

सगळी शेती तोच करत होता, माझ्या वाट्याचीसुद्धा. लग्न झालं की तो वाटणी मागेल, एवढीच मला भीती. मामा चहा न घेताच गेले. बोलणं गावोगाव फिरलं आणि पुढं स्थळच आलं नाही.

"माझंच चुकलं, दादा. हात नीट धुवाया पायजे व्हते," संध्याकाळी तो म्हणाला.

"व्हय, धुवाया पायजे व्हते," मी म्हणालो.

अजूनही पाहुणा आला की तो तीनदा साबण लावतो आणि हात पाठीमागं धरून उभा राहतो. दोष त्या हातांचा नव्हता, माझ्या बोलण्याचा होता, एवढं त्याला सांगणं माझ्याकडून राहिलंय.