अंगठ्याएवढी धार

माझ्या डाव्या भुवईवर व्रण आहे. तो बायने रिकाम्या हंड्याने केला.

सगळी गल्ली तिला बाय म्हणायची. किनाऱ्यावरच्या कोळीवाड्यातली. नवरा गेल्यावर बोईसरला लेकाकडे आली, डोक्यावर टोपली घेऊन म्हावरं विकू लागली. कुंभवलीच्या वाटेवर आमची पत्र्याच्या घरांची गल्ली होती. तोंडाशी पहिलं घर तिचं, वर चढावर शेवटचं माझं.

तेव्हा सगळ्या गल्लीला एकच नळ होता. कारखान्यांमुळे विहिरीच्या पाण्याला औषधासारखा वास यायचा. नळाच्या रांगेत बायका दगड ठेवून घरी जात, तोच त्यांचा नंबर. बाय ते दगड लाथेने उडवायची. म्हणायची, "तान लागलेल्या माणसानं उभं ऱ्हावं. दगडाला तान लागत नाय."

एकदा माझी मुलगी तापाने फणफणली होती. मी दगड ठेवून घरी गेले, परतले तर दगड गटारात. मी बायच्या मेलेल्या नवऱ्यावरून शिवी दिली, तिने हंडा घातला. तीन टाके पडले. संध्याकाळी तिने भरलेला हंडा माझ्या उंबऱ्यात आदळला. "पोर आजारी हाय ते तोंडानं सांगायचं गो. दगड बोलतो काय?" माफी तिने मागितली नाही. पाणी मी ठेवून घेतलं.

पुढे घरोघर नळ द्यायचं ठरलं. पाइपाच्या आड एकाचा ओटा येत होता, तो तोडू देईना. बायने पहार घेऊन ओटा फोडला, मधे आलेल्या त्या माणसालाही कोपराने आडवा केला. माझ्या मोरीत पाणी आलं त्या सकाळी मी उगीचच चारदा हात धुतले.

पण महिन्याभरात धार सुतळीएवढी झाली, मग नुसती हवा येऊ लागली. खालच्या घरांनी नळाच्या पाइपाला थेट मोटर जोडून पाणी ओढायला सुरुवात केली होती. मी पुन्हा हंडा घेऊन लोकांच्या दारात उभी. बायला सांगितलं तेव्हा ती वर आली, माझ्या कोरड्या नळाखाली अंगठा धरला आणि खाली गेली.

पहिली मोटर तिच्याच मोरीत, गोणपाटाखाली होती. लेकाने बसवलेली. बायने वायर उपटली आणि वरवंट्याने मोटर फोडली. लेकाने तिला ढकललं. ती मोरीच्या कठड्यावर पडली, उजवं मनगट मोडलं. तिने वरवंटा डाव्या हातात घेतला आणि शेजारच्या घरात शिरली. शेजारी म्हणाला, "अम्मा, मोटर मेरी है."

"मोटर तुजी. पाणी आख्ख्या गल्लीचं हाय."

त्याने तिच्या झिंज्या धरल्या. तिने त्याच्या पायावर वरवंटा सोडला. पुढच्या घरांनी मोटरी आपल्या हाताने काढल्या.

मनगट वाकडं जुळलं. टोपली डोक्यावर चढवता येईना, म्हावरं सुटलं. माझ्यापायी झालं, असं मी म्हटलं तर खेकसली, "तुज्यासाटी नाय केलं. शेवटच्या घराला आलं म्हंजे मदल्यांना आलंच."

त्यानंतर रोज पाणी सुटलं की ती चढ चढून यायची आणि नळाखाली अंगठा धरायची. धार अंगठ्याएवढी असली की परत फिरायची. बारीक असली की कोपऱ्यातला वरवंटा उचलायची. लेक फेकून देईल म्हणून तो माझ्याच मोरीत ठेवलेला असे. चहा विचारला तर म्हणायची, "तुजा चा पांचट असतो."

दोन वर्षांनी दम्याने गेली. तेराव्याला मी जेवून आले. रडले नाही.

दुसऱ्या सकाळी नळाखाली अंगठा धरला. धार करंगळीएवढी होती. मी कोपऱ्यातला वरवंटा उचलला आणि गल्ली उतरले. मधल्या कुणाच्या दारात थांबले नाही, थेट पहिल्या दाराशी गेले. ते तिच्या लेकाचं होतं. बायने सुरुवात तिथूनच केली होती.