फळीवरची शिशी

जनकाबाईला गाव 'पाणीवाली मावशी' म्हणायचं. वरवट बकालकडच्या त्या वस्तीत कॅथलिकांची घरं मोजकीच. फादर महिन्यातून एकदा यायचे, मिस्साची प्रार्थना म्हणायचे, पाण्यावर आशीर्वाद द्यायचे आणि निघून जायचे. मधला सगळा महिना सांभाळायचा जनकाबाईनं. कुणाचं पोर झोपेत दचकतंय, कुणाची म्हैस लाथा मारतेय, चला मावशीकडे! त्यात हिंदू आले, मुसलमान आले, सगळे आले. खोकल्याच्या औषधाच्या रिकाम्या तपकिरी शिश्या ती उकळून घ्यायची, त्यांत पवित्र पाणी भरायची आणि संतांच्या तसबिरींखालच्या फळीवर मांडून ठेवायची. शिशी स्वतःच्या हातानं द्यायची, आणि देताना एकेका संताचं नाव घेऊन विनवणी करायची. मारियामाता, योसेफ, अंथनी, सेबास्त्यान... मध्ये कुणी चुळबुळ केली की डोळे वटारायची. वर दम भरायची, "डाक्तरकडं बी जाय. संत काही सुई टोचत नाहीत."

त्या वर्षी कपाशीवर गुलाबी बोंडअळी पडली. बीटी कपाशी आली तेव्हा बियाणं विकणारे छातीठोकपणे सांगत होते, आता फवारणी विसरा म्हणून. विसरा! आता रोजच्या रोज पंप पाठीवर. गावातल्या प्रत्येक घराला, कपड्याला, भाकरीलासुद्धा त्या दवाईचा वास. नाकं मेली होती माणसांची.

सर्व संतांचा सण दुसऱ्या दिवशी होता. मिस्सा जनकाबाईच्या अंगणात व्हायची, म्हणून ती दुपारभर सारवत बसली होती. नाल्यापलीकडची बानो आली ती धापा टाकतच. तिचा धाकटा जुनेद तापानं फणफणला होता, आणि नवरा कलीम मलकापूरला कापसाच्या गाड्या भरायला गेलेला.

"मावशी, पानी द्या ना."

जनकाबाईनं मानसुद्धा वर केली नाही. हात शेणात, डोक्यात उद्याची घाई. "घे ना फळीवरची एक शिशी. तुले काय घर नवीन आहे?"

बानोनं हाताला लागली ती शिशी उचलली आणि ओढणीखाली धरून गेली.

थोड्या वेळानं मुलगा निवृत्ती शेतातून आला. आत गेला, बाहेर आला.

"माय, फळीच्या कोपऱ्यातली शिशी कुठं गेली? तुह्याच एका रिकाम्या शिशीत उरलेली दवाई भरली होती मी."

"फळीवर? संतांच्या फळीवर? काऊन रे?"

"माही पोरगी सगळं ओढते घरातलं. त्या एका फळीले तेवढा हात लावत नाही. म्हटलं, तिथं ठेवलेलं बरं."

आता बोला! घरातली सगळ्यात राखीव जागा म्हणून त्यानं जहर तिथं ठेवलं. "ती तर बानो घेऊन गेली, जुनेदले पाजायला!" जनकाबाई ओरडली. निवृत्तीला कळलं तसा तो धावायला निघाला, पण दिवसभराच्या फवारणीनं डोकं गरगरत होतं. दारापाशीच भिंत धरून खाली बसला. मग जनकाबाईच पळाली.

बानोचं घर नाल्यापलीकडे. सडकेनं गेलं तर वळसा, म्हणून ती उभ्या कपाशीत घुसली. लुगडं फाटलं, पायात काटा मोडला, थांबायला उसंत कुणाला? वर्षानुवर्षं जिला संतांची अख्खी विनवणी झोपेतही म्हणता यायची, तिला ऐन वेळी एक नाव आठवेना. तोंडातून नुसतं "नको देवा, नको देवा" निघत होतं. पाजलं असेल का? पाजलंच असेल. तापलेल्या पोराची आई कशाला थांबेल?

दारातून तिनं पाहिलं. जुनेद गोधडीवर पडला होता, डोळे मिटलेले. शेजारी बानो. हातात शिशी, बूच काढलेलं.

"पाजलं का?"

"नाही ना मावशी. तुमी नावं कुठं घेतली आज? दुवा न फुंकलेलं, दम न केलेलं पानी कसं पाजू? तुमचीच वाट पाहत होतो. नाहीच आल्या म्हटलं, तर आता बूच काढलं."

जनकाबाईनं झडप घालून शिशी हिसकावली, तशी दवाई तिच्या बोटांवर सांडली. एक क्षण तिच्या मनात आलं, गप्प बसावं. ही शिशी शिळी झाली म्हणावं, दुसरी आणून द्यावी. कुणाला कळणार होतं? इतक्या वर्षांचा विश्वास शाबूत राहिला असता. पण पोराची छाती भात्यासारखी वरखाली होत होती, आणि त्याच्याकडे बघून तिला खोटं बोलवेना.

"बानो, हे पानी नाही. दवाई आहे, कपाशीवरची. माह्या घरात चूक झाली. अन् मी न पाहता तुले घे म्हटलं."

बानोनं आधी पोराच्या तोंडावर हात ठेवला. काही लागलंच नव्हतं, तरी ओढणीनं त्याचे ओठ पुसले, परत पुसले. मग एकदम ओरडली, "मी पाजत होतो मावशी! माह्या हातानं पाजत होतो!"

"हाव."

"तुमच्या घरातून आणलं म्हणून हुंगलं बी नाही मी!"

शिशी जनकाबाईनं बाहेर भिंतीच्या कडेला ठेवली आणि उंबऱ्याबाहेरच उभी राहिली. आत जायची तिची हिंमत होईना. जुनेद तापात कण्हला.

बानो उठली. कोपऱ्यातली बादली आणि कपड्याचा साबण घेऊन दारात आली.

"हात पुढं करा."

जनकाबाईनं हात पुढे केले. बानोनं पाणी ओतलं, साबण लावायला लावला, परत ओतलं. बोटं उलटीपालटी करून स्वतः हुंगली आणि आणखी एकदा धुवायला लावली. मग आत गेली, गोधडीसकट पोराला उचलून आणलं आणि जनकाबाईच्या हातात दिलं.

"धरा याले. मी बुरखा घालतो. दवाखान्यात जाऊ."